एसीतला गॅस संपत नाही, गळतो

दोन वर्षांपूर्वी जुलैत आई नाशिकहून आमच्याकडे डॅलसला आली होती. दुपारचे तीन. बाहेर १०४ फॅरनहाइट, म्हणजे बरोबर ४० सेल्सियस. थर्मोस्टॅटवर आम्ही मागितलेले ७५ आणि घरात प्रत्यक्षात ८२. आई दिवाळी अंकाने वारा घेत म्हणाली, “अगं, गॅस संपला असेल. बोलाव की कुणाला तरी.”

बोलावलं. आलेल्या माणसाने बाहेरच्या युनिटला दाब मोजायचे गेज लावले, पाच मिनिटांत निदान केलं, दोन पौंड गॅस भरला, ४०० डॉलर घेतले आणि गेला. घर गार झालं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच रडगाणं.

घोळ त्या ‘संपला’ या शब्दात आहे. मराठीत गॅस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सिलिंडर येतो. तो दीड-दोन महिन्यांत संपतो, नंबर लावला की नवा येतो. एसीतल्या गॅसलाही आपण तोच शब्द लावला आणि शब्दाबरोबर समजूतही उचलली. पण सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. एसीतला गॅस जळत नाही की झिजत नाही. तो बंद तांब्याच्या नळ्यांत गोल गोल फिरतो, बस्स. विहिरीवरचं रहाटगाडगं आठवा. गाडगी खाली जातात, भरून वर येतात, रिकामी होऊन पुन्हा खाली. पाणी उपसलं जातं, गाडगी तीच. एसीत उष्णता हे पाणी आणि गॅस म्हणजे गाडगी. माळेतली दोन गाडगी कमी दिसली तर ती ‘संपली’ असं कुणी म्हणत नाही, कुठे तरी फुटून पडली असं म्हणतो.

म्हणून गॅस कमी असेल तर गळती आहेच. आणि गळती न शोधता भरलेला गॅस म्हणजे फुटक्या माठात पाणी. हे एवढं कळायला मला दोन उन्हाळे लागले.

आता ही गाडगी उष्णता उचलतात कशी? माठातलं पाणी गार होतं कारण बाहेर झिरपलेलं पाणी वाफ होताना उष्णता ओढून नेतं. हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा कुकरमध्ये आहे. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, तिथे ते पंच्याण्णव-शहाण्णवलाच उकळतं आणि डाळ शिजता शिजत नाही. म्हणजे दाब कमी-जास्त केला की उकळण्याचं तापमान आपल्या हातात येतं. एसी एवढंच करतो, फक्त पाण्याऐवजी असा द्रव घेतो जो मुळातच कमालीच्या थंडीत उकळतो. जुन्या एसींतला आर-२२ नावाचा गॅस साध्या हवेच्या दाबाला उणे ४१ अंश सेल्सियसला उकळतो.

अमेरिकेतल्या बहुतेक घरांत एसी भिंतीवर नसतो. टेक्सासमध्ये पुष्कळदा तो छपराखालच्या माळ्यावर, ॲटिकमध्ये, असतो. तिथे एक पंखा घरातली हवा मोठ्या जाळीतून ओढतो, फिल्टरमधून आणि गार कॉइलवरून, म्हणजे नागमोडी नळ्यांच्या जाळ्यावरून, नेतो आणि डक्टमधून खोल्याखोल्यांत सोडतो. त्या कॉइलमध्ये कमी दाबाचा द्रव चार-पाच अंश सेल्सियसला उकळत असतो आणि हवेतली उष्णता पिऊन वाफ होतो. ही वाफ बाहेर अंगणातल्या कॉम्प्रेसरकडे जाते. कॉम्प्रेसर तिला दाबून एवढी तापवतो की तिच्यापुढे बाहेरची ४० अंशांची हवाही गार ठरते. तिथे उष्णता टाकून वाफेचा पुन्हा द्रव होतो, आत येताना एका बारीक वाटेतून जातो, दाब उतरतो आणि पुन्हा उकळायला तयार. अंगणातल्या युनिटमधून वर येणारी गरम हवा म्हणजे तुमच्या बेडरूममधली उष्णता, अधिक कॉम्प्रेसरची स्वतःची.

एक गंमत सांगून टाकते. तीन टनाचा एसी म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता पितो, तेवढी उचलण्याची ताकद म्हणजे एक टन. बर्फाच्या लाद्यांवर गारवा मोजायच्या काळातलं हे माप. आपल्याकडच्या दीड टनाच्या स्प्लिटलाही हाच हिशेब.

आता मुद्द्याचं. घर गार होत नसेल तर गॅसचा नंबर यादीत बराच खाली लागतो.

पहिला नंबर फिल्टरचा. आपल्या घरांत तो इतरांपेक्षा लवकर भरतो, हे मी अनुभवाने सांगते. धूळ असतेच, वर फोडणीचा तेलकट थर आणि उदबत्तीचा धूर. शिवाय कोविडनंतर बऱ्याच जणांनी एक इंच जाडीच्या जागेत मर्व्ह १३ असे घट्ट विणीचे फिल्टर बसवले. हवा शुद्ध होते खरी, पण पंख्याला श्वास पुरत नाही. कॉइलवरून हवा कमी गेली की कॉइलला मिळणारी उष्णता कमी होते, ती शून्याखाली उतरते आणि तिच्यावर बर्फ धरतो. बर्फाने उरलीसुरली हवाही अडते. बाहेरून बघणाऱ्याला काय दिसतं? एसी घरघरतोय, जाळीतून वाऱ्याची नुसती झुळूक, आणि बाहेरच्या युनिटला जाणाऱ्या जाड पाइपवर पांढरं शुभ्र बर्फ. असं दिसलं तर कूलिंग बंद करा, पंखा मात्र ‘ऑन’वर ठेवा आणि काही तास बर्फ वितळू द्या. बर्फ असताना कुणी गेज लावून गॅसबद्दल काही सांगितलं तर त्या आकड्याला अर्थ नाही. खुपसून, खरवडून बर्फ काढायला जाऊ नका. कॉइलच्या पापुद्र्याएवढ्या पत्र्याखाली नळ्या असतात.

दुसरी तपासणी स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरने होते. एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या. हवा आत ओढणाऱ्या मोठ्या जाळीपाशी तापमान घ्या, मग माळ्यावरच्या युनिटच्या जवळच्या खोलीत हवा बाहेर येते तिथे घ्या. फरक साधारण १६ ते २० फॅरनहाइट हवा, म्हणजे नऊ ते अकरा सेल्सियस. एवढा फरक असूनही घर तापत असेल तर यंत्र आपलं काम करतंय, दोष दुसरीकडे आहे. माळ्यावरची डक्ट फाटली असेल आणि तुम्ही छपराला गारवा पाजत असाल. किंवा फक्त ऊनच तेवढं असेल. इथले एसी शंभरएक फॅरनहाइटचा दिवस धरून निवडलेले असतात. १०८ च्या दिवशी ७० चा हट्ट धरला तर यंत्र दिवसभर धावेल आणि तरीही ७६ वर अडेल. तो बिघाड नव्हे.

तिसरी फेरी अंगणात. बाहेरचा पंखा फिरतोय का बघा. नुसता गुणगुणतोय आणि पाती हलत नाहीत, तर नव्वद टक्के वेळा कॅपॅसिटर, म्हणजे पंख्याला फिरायला विजेचा धक्का देणारा भाग, गेलेला असतो असं कुठलाही मेकॅनिक तुम्हाला सांगेल. टक्केवारी त्यांची, पण रोख बरोबर आहे. भर उन्हाळ्यात सगळ्यात जास्त दगा देणारा हा भाग, गोडंतेलाच्या छोट्या डब्याएवढा आणि मूळ किमतीला स्वस्त. पण स्वस्त आहे म्हणून हात घालू नका. वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज साठून राहतो आणि तो जिवावर बेतू शकतो. शेजारीच कॉन्टॅक्टर नावाचा स्विच असतो. टेक्सासमध्ये त्यात मुंग्या शिरतात. गंमत नाही, खरंच शिरतात, त्यांचा लगदा होऊन टोकं चिकटत नाहीत आणि पूर्ण एसी बंद पडतो. आमच्या शेजाऱ्यांचा साडेतीन टनाचा एसी मुंग्यांनी बंद पाडला होता.

युनिटच्या जाळीत गवताचे तुकडे, ड्रायरचा कापूस भरला असेल तर वीज तोडून बागेच्या नळीने हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशर नको, पत्र्याच्या पाकळ्या आडव्या होतात.

चौथी गोष्ट पाण्याची. कॉइलवर हवेतली वाफ जमून पाणी होतं आणि ते एका नळीने बाहेर जातं. त्या नळीत शेवाळ धरलं की पाणी तुंबतं. तुंबलेल्या पाण्यावर तरंगणारा एक छोटा स्विच वर येतो आणि घराचं छत भिजू नये म्हणून एसीच बंद करतो. लोकांना वाटतं कॉम्प्रेसर गेला. माळ्यावर युनिट असेल तर खाली एक जादा परात असते आणि तिची नळी मुद्दाम एखाद्या खिडकीच्या वर काढलेली असते, तुमच्या डोळ्यांसमोर पाणी ठिबकावं म्हणून. आमच्या जेवणाच्या खोलीच्या खिडकीवर असा थेंब थेंब पडत होता आणि मी दोन आठवडे “एसी मस्त चाललाय, पाणी टाकतोय” म्हणून खूश होते. खिडकीवरचं पाणी म्हणजे मुख्य नळी तुंबल्याची हाक. महिन्या-दोन महिन्यांनी त्या नळीत कपभर व्हिनेगर ओतलं की पुरतं.

हे सगळं ठीक असेल तेव्हा गॅस.

युनिटला दोन तांब्याचे पाइप जातात. जाड पाइप काळ्या फोमच्या आवरणात असतो. तो थंडगार, घाम सुटलेला हवा. बारीक पाइप उघडा असतो, तो कोमट लागायला हवा. जाड पाइप नुसता गारसर किंवा कोमट लागत असेल तर शंका रास्त आहे. पण शंकाच. कारण नुसता दाब बघून गॅस कमी आहे हे ठरत नाही, आणि आमच्या पहिल्या माणसाने नेमकं तेवढंच केलं होतं. गॅस कमी असेल तरी आतल्या बाजूचा दाब पडतो, फिल्टर चोंदला असेल तरी पडतो. गेजचा काटा दोन्ही वेळा एकच गोष्ट सांगतो.

भेद कळतो तो सुपरहीट नावाच्या आकड्यावरून. नाव भारदस्त, अर्थ साधा. कॉइलमध्ये सगळा द्रव उकळून वाफ झाल्यावर ती वाफ पुढे जाताना आणखी किती अंश तापली, तो आकडा. गॅस कमी असेल तर द्रव कॉइलच्या सुरुवातीलाच उकळून जातो, उरलेल्या कॉइलमध्ये वाफ नुसती तापत राहते आणि सुपरहीट फुगतो. हवा कमी असेल तर उलट. द्रवाला उकळायला उष्णताच मिळत नाही, सुपरहीट घसरतो. दाब दोन्हीकडे कमी, पण रोग वेगळे. दुसऱ्या प्रकारच्या रोग्याला गॅस भरला तर न उकळलेला द्रव कॉम्प्रेसरमध्ये जातो. वाफ दाबता येते, द्रव दाबता येत नाही, आणि यंत्रातला सगळ्यात महाग भाग फुटतो. ज्या एसीत त्या बारीक वाटेवर आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे सुपरहीट तो व्हॉल्व्हच सांभाळतो. मग बाहेरच्या कॉइलमधून निघालेला द्रव किती अंश आणखी गार झालाय, तो सबकूलिंगचा आकडा बघतात. तो फार कमी असेल तर गॅस कमी.

तेव्हा मेकॅनिकला एवढंच विचारा: सुपरहीट किती, सबकूलिंग किती? उत्तर आकड्यात आलं तर माणूस कामाचा. “सगळं लो आहे, मॅडम” हे उत्तर नव्हे.

दुसऱ्या उन्हाळ्यात वैतागून मी तर परीक्षाच दिली. अमेरिकेत गॅस विकत घ्यायला आणि यंत्राला लावायला पर्यावरण खात्याचं कलम ६०८ चं प्रमाणपत्र लागतं, घरच्या सेंट्रल एसीसाठी त्यातला टाइप २. गॅस मुद्दाम हवेत सोडणं हा गुन्हा. पण घरगुती एसीची गळती बुजवल्याशिवाय गॅस भरूच नका, असा केंद्राचा नियम मात्र नाही. मोठ्या यंत्रांना आहे, आपल्याला नाही. त्यामुळे दर उन्हाळ्याला दोन पौंड भरून जाणारा माणूस कायदा मोडत नसतो, फक्त तुमचा खिसा फाडत असतो.

परीक्षा पास झाले आणि हात लावला नाही. एक वयस्कर टेक्निशियन शोधला. तो माळ्यावर चढला तेव्हा तिथे भट्टी पेटलेली. आधी टॉर्चने नुसतं बघितलं. कॉइलच्या खालच्या वळणावर तेलाचा डाग होता, रुपयाएवढा. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही फिरतं, म्हणून जिथून गॅस निघतो तिथे तेल राहतं. त्याने त्यावर साबणाचं पाणी लावलं आणि मला वर बोलावलं. बघ, म्हणाला. मोहरीएवढा बुडबुडा हळूहळू फुगत होता, फुटला, पुन्हा फुगायला लागला. माझे ४०० डॉलर तिथून जात होते.

तांब्याला अशी सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात त्याचं एक कारण घरातलीच हवा. साफसफाईची द्रव्यं, प्लायवूड, रंग यांतून येणारी सौम्य आम्लं ओल्या कॉइलवर बसतात आणि तांबं आतून पोखरतात. कापून बघितलं तर मुंग्यांच्या वारुळासारखे बोगदे दिसतात, म्हणून इंग्रजीत त्या गंजाला मुंग्यांवरूनच नाव आहे. बाहेर मुंग्या खऱ्या, आत नावापुरत्या.

कॉइल बदलावी लागली. भाग वॉरंटीत मिळाला, मजुरी पडली. गॅस भरण्याआधी त्याने व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढली आणि मीटर ५०० मायक्रॉनखाली (हे इथे उरलेल्या दाबाचं माप) येऊन तिथे टिकेपर्यंत हलला नाही. ही पायरी घाईत गाळली जाते. आत राहिलेली ओल तेलात मिसळून आम्ल बनवते आणि कॉम्प्रेसर काही वर्षांनी मरतो, तेव्हा दोष कुणाचा हे कुणाला आठवत नाही.

कॉइल बदलायची की पूर्ण यंत्र, हा प्रश्न आला तेव्हा गॅसची कुळकथा कळणं भाग पडलं. अमेरिकेत सगळ्याच गॅसला ‘फ्रीऑन’ म्हणतात, आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो तसं. मूळ फ्रीऑन १९२८ साली थॉमस मिजली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी शोधला. तोवर फ्रिजमध्ये अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू असायचे, त्यांच्यापुढे हा देवदूतच. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की या कुळातला क्लोरीन ओझोनचा थर खातो. १९८७ चा मॉन्ट्रियल करार त्यातूनच आला. घरांतला आर-२२ त्या मानाने कमी उपद्रवी, तरी क्लोरीनवालाच. अमेरिकेत २०२० पासून त्याचं उत्पादन आणि आयात बंद आहे, जुना साठा आणि शुद्ध केलेला गॅस तेवढा मिळतो, तोही सोन्याच्या भावाने. म्हणून आर-२२ चं यंत्र गळत असेल तर त्यात पैसे घालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच्या जागी आर-४१०ए आला. त्यात क्लोरीन नाही, पण तो वातावरण तापवतो, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट. २०१६ च्या किगाली करारानंतर त्याचीही पाळी आली, आणि अमेरिकेत २०२५ च्या सुरुवातीपासून नवे घरगुती एसी त्यावर बनवणं थांबलं. आता आर-४५४बी आणि आर-३२ आहेत. पहिल्याचा आकडा ४६६, दुसऱ्याचा ६७५. दोन्ही किंचित ज्वलनशील, म्हणून अशा नव्या यंत्रांत बहुधा गळती हुंगणारा सेन्सर असतो, तो वास लागताच पंखा चालू करून गॅस पांगवतो. आमचं यंत्र ४१०ए चं, सात वर्षांचं. त्याचा गॅस दुरुस्तीसाठी अजून मिळतो, म्हणून मी कॉइलवर भागवलं. यंत्र पंधरा वर्षांचं असतं तर नसतं भागवलं. जुन्या यंत्रात नवा गॅस भरून देतो म्हणणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा. दाब वेगळे, तेल वेगळं, ज्वलनशीलता वेगळी. कुठला गॅस आणि किती वजनाचा, हे बाहेरच्या युनिटच्या पाटीवर छापलेलं असतं.

भारतातल्या स्प्लिट एसीत नळ्या कमी लांब, गॅस किलोभर किंवा त्याहून कमी, आणि गळतीची जागा बहुतेक वेळा कॉइल नसते. ती असते पाइपच्या टोकाशी, जिथे तांबं फाकवून नट आवळलेला असतो. घर बदलताना एसी काढून पुन्हा लावला की तिथे हमखास गडबड होते. हल्ली तिकडे बहुतेक नव्या यंत्रांत आर-३२ असतो. गोदरेजने आर-२९० वर चालणारे स्प्लिट २०१२ मध्येच आणले होते. आर-२९० म्हणजे शुद्ध प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या मिश्रणाचा एक घटक. म्हणजे आईचा ‘गॅस’ शब्द तिथे अक्षरशः खरा, पण तोही संपत नाही.

यंदा एप्रिलमध्ये आईच्या नाशिकच्या बेडरूममधला एसी मंदावला. मेकॅनिक आला, म्हणाला, आजी, गॅस संपलाय. आईने त्याला आधी साबणाचं पाणी दिलं. नटवर फेस आला. त्याने नट काढला, टोक नव्याने फाकवून बसवलं आणि गॅसचा डबा लावायला घेतला तेव्हा आईने पाटीवरचं वजन वाचून विचारलं, तुझा वजनकाटा कुठाय? काटा नव्हता. मग तिने लाडवांचं पीठ मोजायचा आपला काटा आणून त्याच्या डब्याखाली सरकवला.